पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणारा राजा

बडोद्यातील मराठी घरात श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. शहरातील मोठी बाग त्यांच्या नावाची, रुग्णालय त्यांच्या नावाचे आणि विद्यापीठही त्यांच्याच नावाचे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारा राजा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारा राजा म्हणून आपण त्यांना ओळखतो. जयंतीच्या दिवशी शाळेत भाषणे होतात तेव्हा या गोष्टी हमखास सांगितल्या जातात. ग्रंथालयांचा विषय मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो. महाराजांनी ग्रंथालये काढली, एवढे सांगून वक्ते पुढे जातात.

खरे पाहता पैसा असलेल्या कोणत्याही संस्थानिकाला एक सुंदर इमारत बांधून तीत पुस्तकांची कपाटे लावून ठेवता आली असती. तसे करणारे अनेक होतेही. महाराजांचे वेगळेपण असे, की पुस्तके जमवल्यावर त्यांचे काम संपले नाही, तेथून ते सुरू झाले. हे पुस्तक वाचणार कोण, त्याच्यापर्यंत ते पोहोचणार कसे, ज्याला वाचता येत नाही त्याचे काय, या प्रश्नांवर त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी जी कल्पकता दाखवली, तिची ही हकिकत आहे.

कवळाण्याचा गोपाळ

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. वडिलांचे नाव काशीराव आणि आईचे उमाबाई. मुलाचे नाव गोपाळराव. गायकवाड घराण्याची ही दूरची शाखा. घर शेतकऱ्याचे होते. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाचे म्हणण्यासारखे शिक्षण झाले नव्हते.

१८७५ साली ब्रिटिश सरकारने मल्हारराव महाराजांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. तेव्हा दिवंगत खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब यांनी दत्तक घेण्यासाठी घराण्यातील मुले पाहिली. कवळाण्याहून काशीरावांची तीन मुले बडोद्यास आणण्यात आली. त्यांतून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्यांचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले. कालपर्यंत शेतात हिंडणारा मुलगा एका दिवसात राजा झाला. राज्यकारभार मात्र त्या वेळी दिवाण सर टी. माधवराव पाहत होते.

त्यानंतरची सहा वर्षे त्यांनी विद्यार्थी म्हणून काढली. एफ. ए. एच. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा भाषा, त्यांच्या जोडीला गणित, इतिहास आणि व्यायाम असा भरगच्च दिनक्रम होता. इतर मुले जे पाचव्या-सहाव्या वर्षी गिरवतात, ते या मुलाने बाराव्या वर्षी गिरवायला घेतले. २८ डिसेंबर १८८१ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी राज्याची सर्व सूत्रे हाती घेतली, तेव्हा ते वाचनाचे चांगलेच भोक्ते झाले होते. पुढे आयुष्यभर पुस्तकांची सोबत त्यांनी सोडली नाही. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाला अक्षराची किंमत जास्त कळते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

शाळा सुटली, पुढे काय?

१८९३ साली महाराजांनी अमरेली महालातील दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तेरा वर्षे अनुभव घेतल्यावर १९०६ साली हा कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. मुलांबरोबर मुलींनाही शाळेत पाठवणे बंधनकारक झाले. पालकांनी टाळाटाळ केली तर दंड होई. या दंडाबद्दल लोकांत कुरकुरही झाली. शेतीच्या हंगामात मूल घरी हवे आणि सरकार म्हणते शाळेत पाठवा, हे अनेकांच्या पचनी पडले नव्हते.

कुरकुर आणि खर्च दोन्ही सोसून मुलगा शाळेत बसला. तीन-चार इयत्ता शिकून तो शेतावर किंवा आपल्या धंद्यावर परतला. त्याच्या घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. पाच-सात वर्षांत शिकलेले सारे तो विसरून जाई. सही करण्यापुरती अक्षरे हातात उरत. राज्याने केलेला खर्च, पालकांनी भरलेला दंड, मास्तरांनी घेतलेले कष्ट हे सगळे पाण्यात जाणार, असा हा धोका होता. सक्तीच्या शिक्षणाचे यश शाळेच्या आत ठरणार नव्हते. शाळा सुटल्यानंतर त्या मुलाच्या हातात काय येते, यावर ते ठरणार होते.

शाळेला जोड म्हणून ग्रंथालय हवे, हा विचार येथून पक्का होत गेला. त्यापूर्वी राज्यात वाचनालये नव्हती असे नाही. काही शहरांतून वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी वाचनालये चालत. चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाच्या एका शिक्षकाने १९०६ च्या सुमारास गावोगाव मित्रमंडळ या नावाची छोटी वाचनालये सुरू केली होती. चार मित्रांनी मिळून वर्तमानपत्रे आणि मासिके मागवायची आणि गावाने ती वाचायची, अशी ती साधी योजना होती. राजाच्या डोक्यातील कल्पना आणि शिक्षकाच्या हातचे काम पुढे एकत्र यायचे होते.

अमेरिकेत पाहिलेली गोष्ट

महाराजांचे खाजगी आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या पत्नी चिमणाबाईसाहेब १८८५ साली वारल्या. १९०८ साली थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गेले आणि पुढे आणखी दोन तरुण मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. निद्रानाशाने आणि संधिवाताने त्यांना अनेक वर्षे छळले. हवापालटासाठी ते वारंवार युरोपला जात. या लांबलचक दौऱ्यांवर टीकाही होई. राजा राज्यात राहत नाही, पैसा परदेशात खर्च होतो, असे इंग्रज अधिकारी म्हणत आणि काही प्रजाजनही म्हणत. टीका अगदीच निराधार होती असेही नाही.

पण हा प्रवासी परदेशात शाळा, कारखाने, संग्रहालये, रुग्णालये पाहत हिंडे, आणि आपल्याकडे यातले काय लागू पडेल याचा विचार करी. १९०६ साली ते अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते फार प्रभावित झाले. कोणीही आत यावे, वर्गणी न भरता पुस्तक घरी न्यावे, मुलांसाठी वेगळी खोली असावी, दूरच्या वस्तीला ग्रंथालयाने स्वतः पुस्तके पाठवावीत, अशी तेथील पद्धत. ग्रंथपालाचे काम पुस्तकांवर पहारा करण्याचे नसून ती खपवण्याचे आहे, ही दृष्टी त्यांना तेथे दिसली.

१९१० साली ते पुन्हा अमेरिकेत गेले, तेव्हा न्यू हेवन शहरातील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास येण्याचे आमंत्रण दिले. बोर्डन त्याच वर्षाच्या अखेरीस आले आणि १९१३ पर्यंत राहिले. अवघ्या तीन वर्षांत साऱ्या राज्याच्या ग्रंथालयांची घडी त्यांनी बसवली.

पहिले दान स्वतःच्या घरातून

सेंट्रल लायब्ररी उभी करायची तर पुस्तके हवीत. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातील आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके तिला देऊन टाकली. मांडवीजवळील जुन्या सरकारवाड्यात ती ठेवण्यात आली. राजाच्या अभ्यासिकेतील पुस्तके आता शहरातील कारकुनाला आणि विद्यार्थ्याला मोफत घरी नेता येऊ लागली.

दुसरी अडचण माणसांची होती. पुस्तकांची नोंद कशी करावी, विषयवार मांडणी कशी करावी, वाचकाला हवे ते कसे शोधून द्यावे, हे शिकलेली माणसे हिंदुस्थानात जवळजवळ नव्हती. बोर्डन यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. ग्रंथालयशास्त्राचा भारतातील पहिला वर्ग म्हणून त्याची नोंद आहे. अमेरिकेतील वर्गीकरणाच्या प्रचलित पद्धती जशाच्या तशा न उचलता त्यांतील सोयीचे घेऊन बोर्डन यांनी बडोद्यापुरती एक वेगळी पद्धत बसवली. बाहेरची चांगली गोष्ट आणायची, पण आपल्या मापाने बेतून घ्यायची, हे महाराजांचे सूत्र येथेही दिसते.

१९१२ साली या खात्याने लायब्ररी मिसेलनी नावाचे नियतकालिक काढले. ग्रंथालयांच्या कामाला वाहिलेले हे देशातील पहिले नियतकालिक मानले जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यात इंग्रजी आणि गुजराती यांच्या बरोबरीने मराठी मजकूरही असे. खेड्यातील ग्रंथपालाला इंग्रजी येत नसेल तर त्याचे शिक्षण अडून राहू नये, एवढी काळजी त्यात होती.

तीन वाटे

आता सर्वांत कठीण प्रश्न आला. गावोगावी ग्रंथालय काढायचे तर पैसा कोणी द्यायचा? सगळा खर्च सरकारने केला तर गावाला ते सरकारी कचेरीसारखे वाटणार, आणि अनुदान थांबले की कुलूप लागणार. सगळा भार गावावर टाकला तर ग्रंथालय निघणारच नाही.

यावर एक सुटसुटीत तोडगा काढण्यात आला. ग्रंथालयाच्या खर्चाचे तीन वाटे करायचे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत गावकरी जेवढी रक्कम गोळा करतील, तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. ग्रंथालयासाठी इमारत बांधायची तरी हाच नियम. गावाने एक रुपया जमवला की त्याचे तीन रुपये होत. यात हिशेबाइतकीच माणसाच्या स्वभावाची जाण होती. ज्याने स्वतःच्या खिशातून चार आणे दिले आहेत, तो ग्रंथालय उघडे आहे की बंद, हे जाता-येता पाहतोच. गावाला मदत मिळाली आणि मालकीही गावाचीच राहिली.

ही योजना कागदावर राहू नये म्हणून मोतीभाई अमीन यांच्यासारखा माणूस ग्रंथालय खात्याच्या कामात घेण्यात आला. ते गावोगाव हिंडले, लोकांना समजावले, मंडळे उभी केली. गुजरातेत आज त्यांचे नाव ग्रंथालय चळवळीचे आद्य कार्यकर्ते म्हणून आदराने घेतले जाते. बोर्डन परतल्यावर खात्याची जबाबदारी जे. एस. कुडाळकर यांच्याकडे आली. या मराठी अधिकाऱ्याने १९१९ साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम सांभाळले आणि १९२८ साली त्यांनीही या ग्रंथालयांवर पुस्तक प्रसिद्ध केले. राजाच्या नावाने सांगितली जाणारी ही गोष्ट अशा अनेकांच्या श्रमाची आहे.

फिरती पेटी

तरीही कितीतरी गावे अशी होती, की जेथे तीन वाट्यांतील पहिला वाटाही जमणे कठीण होते. तेथे पुस्तकांनीच जायचे ठरले. भक्कम लाकडी पेट्या तयार करण्यात आल्या. एकेका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके बसत. पेटी गावी जाई. तेथील शिक्षक किंवा दुसरा एखादा जबाबदार माणूस ती ताब्यात घेई आणि गावात पुस्तके फिरवी. मुदत संपली की ती पेटी परत येई आणि नवी पुस्तके घेऊन दुसरी जाई. जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा.

या पेटीचा साधेपणा पाहण्यासारखा आहे. तिला इमारत लागत नाही. कपाट लागत नाही, कारण तीच कपाट होते. पुस्तके थोडी असल्यामुळे गावकरी बुजत नाहीत. आणि ठरावीक काळाने पुस्तके बदलत असल्यामुळे छोट्या गावालाही वर्षभरात कितीतरी नवी पुस्तके पाहायला मिळतात. कपाटात वर्षानुवर्षे त्याच जागी बसलेले पुस्तक हळूहळू दिसेनासे होते. फिरत्या पेटीतील पुस्तक मात्र दर वेळी पाहुणे म्हणून येते.

वाचता न येणाऱ्यांसाठी ग्रंथालय

शिक्षण सक्तीचे झाले ते मुलांसाठी. त्यांच्या आईवडिलांचे काय? राज्यातील बहुसंख्य प्रौढ निरक्षर होते. ग्रंथालय खात्यात त्यांच्यासाठी चित्रदर्शनाची एक शाखाच काढण्यात आली. पडद्यावर चित्रे दाखवणारा जादूचा कंदील, चलच्चित्रे, दोन्ही डोळ्यांनी पाहिले की खोली भासणारी जोडचित्रे, अशी साधने घेऊन माणसे गावोगाव जात. शेती, आरोग्य, देशविदेशांतील स्थळे यांची माहिती चित्रांतून मोफत दिली जाई. ग्रंथालय म्हणजे पुस्तके हे समीकरण या खात्याने मोडले. माणसाला माहिती मिळावी हा हेतू ठरला, मग साधन कोणते का असेना.

मुलांसाठी सेंट्रल लायब्ररीत स्वतंत्र विभाग होता आणि तेथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले होते. खेळायला आलेले मूल केव्हातरी पुस्तक उघडते, हे ज्याला सुचले त्याला मुले चांगली ठाऊक असणार. स्त्रियांसाठीही वाचनाची वेगळी सोय करण्यात आली, कारण त्या काळी पुरुषांनी भरलेल्या वाचनालयात जाणे बहुतेक घरांतील बायकांना शक्य नव्हते.

वाचायला मिळाले तर वाचण्याजोगे हवे, हाही प्रश्न होता. सामान्य माणसाला समजेल अशी ज्ञानाची पुस्तके देशी भाषांत फार थोडी होती. १९१२ साली महाराजांनी यासाठी दोन लाख रुपयांची रक्कम बाजूला काढली. तिच्या उत्पन्नातून श्री सयाजी साहित्यमाला आणि श्री सयाजी बालज्ञानमाला या मालांची पुस्तके गुजराती आणि मराठीत निघू लागली. दुसरीकडे जुन्या संस्कृत हस्तलिखितांचा शोध चालू होता. १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला प्रसिद्ध होऊ लागली आणि १९२७ साली हस्तलिखितांचा हा संग्रह प्राच्यविद्या मंदिर या स्वतंत्र संस्थेत आला. एकाच राज्याने एका हाताने दुर्मिळ पोथ्या जपल्या आणि दुसऱ्या हाताने खेड्यातील मुलासाठी पेटी भरली.

काचेची जमीन

१९३१ साली सेंट्रल लायब्ररी मांडवीजवळच्या स्वतःच्या इमारतीत आली. आज आपण पाहतो ती हीच इमारत. तिच्यातील पुस्तकांच्या दालनात पोलादी मांडण्यांचे मजले आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड काचेतून खालच्या मांडणीपर्यंत झिरपतो. लाकूड टाळल्यामुळे आगीचे भयही कमी होते. ज्यांनी हे दालन अजून पाहिले नसेल त्यांनी रीतसर परवानगी घेऊन अवश्य पाहावे.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. तोपर्यंत राज्यातील ग्रंथालयांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. तरी सारे राज्य वाचू लागले, असे म्हणणे खरे होणार नाही. प्रौढांतील बहुसंख्य लोक त्या दिवशीही निरक्षरच होते. एका पिढीत हे काम पुरे होणारे नव्हते. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली आपण गुजरात राज्याचा भाग झालो. राजा गेला, राज्य गेले, पण शिकलेल्या माणसाला पुस्तक मिळालेच पाहिजे हा विचार या मातीत रुजून राहिला.

आपल्यासाठी यात काय?

विद्यार्थी मित्रहो, महाराजांपुढे असलेला प्रश्न आज वेगळ्या रूपात आपल्या घरी आला आहे. तेव्हाचे मूल शाळा सोडल्यावर अक्षरे विसरे. आज आपल्या घरांतील मूल गुजराती आणि इंग्रजी उत्तम वाचते, मराठी बोलतेही, पण मराठी पुस्तक हातात दिले की दोन पानांत थकते. शाळा मराठी शिकवते. शाळेबाहेर मराठी वाचायला मिळाले नाही तर तेही पाच-सात वर्षांत सुटते. आजीला मराठीत आलेले पत्र नातवाला वाचता येऊ नये, ही वेळ काही घरांवर आलेली आहे.

यावर उपाय म्हणून पुष्कळ पैसा लागतो असे आपल्याला वाटते. महाराजांच्या कामाचा धडा निराळा आहे. विश्वस्त मंडळींनी पाहावे, की शाळेच्या ग्रंथालयातील कोणती पुस्तके गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत, आणि ती का गेली नाहीत. पुस्तक फाटेल, हरवेल या भीतीने कुलूपबंद राहिलेले कपाट सुरक्षित असते, पण ते ग्रंथालय नसते. पुस्तके फिरू लागली की चार हरवतील. बडोद्याच्या पेट्यांतीलही सगळी पुस्तके धडपणे परत आली असतील असे नाही. तरीही पेट्या पाठवणे थांबले नाही.

पालकांसाठी तीन वाट्यांची युक्ती आजही ताजी आहे. नव्या पुस्तकांसाठी एक वाटा पालकांनी, एक माजी विद्यार्थ्यांनी आणि एक संस्थेने उचलला, तर कोणा एकावर भार पडत नाही आणि पुस्तके सर्वांची होतात.

आणि मित्रहो, तुमच्यासाठी पेटी आहेच. प्रत्येक वर्गाने एक पेटी करावी. जुनी ट्रंक असली तरी चालेल. तीत वीस मराठी पुस्तके ठेवावीत. त्यांत गोष्टी असाव्यात, विज्ञान असावे, चित्रांचे एखादे पुस्तक असावे आणि आजी-आजोबांना आवडेल असेही एक असावे. पेटी एकेका विद्यार्थ्याच्या घरी पंधरा दिवस राहावी आणि मग पुढच्या घरी जावी. सोबत एक वही ठेवावी. घरातील ज्याने जे पुस्तक वाचले असेल, त्याने त्याचे नाव त्या वहीत लिहावे. लिहिता न येणाऱ्या घरातील कोणाला तुम्ही मोठ्याने वाचून दाखवले असेल, तर तेही लिहावे. महाराजांच्या खात्याने निरक्षरांना वगळले नव्हते, आपणही वगळू नये.

वर्षाच्या अखेरीस ती वही शाळेत आणून वाचावी. कोणते पुस्तक सर्वांत जास्त घरांत उघडले गेले, ते तीतून कळेल आणि पुढच्या वर्षी पेटीत काय ठेवायचे तेही ठरेल. कवळाण्याच्या ज्या मुलाने बाराव्या वर्षी अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो घरांत पुस्तके पोहोचवली, त्याची जयंती ११ मार्चला येते. यंदा त्या दिवशी भाषणे थोडी कमी करून निदान एका वर्गाची पेटी रवाना करावी.